पूर्वस्थिती आणि पूर्वसूचना

सार्वजनिक वाचनालयातील संगणक कोणा एकाचा नसतो. कोणी पडद्यावरील चित्र बदलतो, कोणी भलताच प्रोग्राम घालतो, कोणी आपला पासवर्ड मागे ठेवून जातो. म्हणून असे यंत्र पुन्हा सुरू होताच आपोआप मूळ स्थितीत यावे, अशी योजना करतात. 'डीप फ्रीझ' हा प्रोग्राम हेच करतो. मायक्रोसॉफ्टचा 'विंडोज स्टेडीस्टेट' याच कामाचा होता. त्याचा पाठिंबा २०११ साली थांबला. यामुळे पुढच्यास स्वच्छ यंत्र मिळते व आदल्याचे गुपित झाकले जाते. ही व्यवस्था मला योग्यच वाटते.

परंतु घरी संगणक नसलेला एखादा तरुण तेथे बसून नोकरीचा अर्ज लिहितो, डेस्कटॉपवर जतन करतो, आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तो अर्ज नाहीसा झालेला! जतन करताना यंत्राने हरकत घेतली नव्हती. मग अन्याय कशात झाला? पुसण्यात, की न सांगण्यात?

जबलपूरचा ग्वारीघाट पाहा. पावसाळ्यात वरच्या अंगाच्या बरगी धरणाचे दरवाजे उघडायचे झाले, की प्रशासन इशारा देते. नर्मदा पायऱ्या बुडवते खरी. पण नारळ, फुले, दिवे विकणाऱ्यांस आपली मांडामांड वर हलवण्यास अवधी मिळतो.

लेवीय २५ मध्ये परमेश्वराने पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ कुळाकडे परत जावी असे ठरवले. 'योबेल' हा इब्री शब्द मराठी पवित्र शास्त्राने तसाच ठेवला आहे. त्याचा अर्थ मेंढ्याचे शिंग. म्हणजे त्या वर्षाचे नाव परत मिळालेल्या जमिनीवरून पडले नाही, ते घोषणेच्या शिंगावरून पडले! शिवाय वचने १५ व १६ सांगतात की, खरेदीची किंमत योबेलापर्यंत उरलेल्या वर्षांवरून ठरवावी. घेणारा जमीन सोडी, पण फसत नसे. त्याने मोजून पिकेच विकत घेतलेली असत.

संगणक राखणारा हाही एक कारभारीच. पुसण्याचा अधिकार त्याला आहे. शिंग फुंकण्याचे कर्तव्य त्याआधीचे. इंग्रजीत चिठ्ठी डकवून तो मोकळा होत असेल, तर पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १४ व्या अध्यायातील अस्पष्ट नादाच्या कर्ण्याची आठवण होते. (भाषांतरकारास हे बोचणारच!) सूचना जबलपुरात हिंदीत, आपल्याकडे मराठीत, पडद्याशेजारीच असावी: यंत्र बंद होताच येथील सर्व पुसले जाईल, आपले काम पेन ड्राइव्हवर घ्या किंवा स्वतःच्या ई-मेलवर पाठवा. आणि ज्याला वाचता येत नाही, त्याला कारभाऱ्याने ती तोंडाने सांगावी, त्याने पहिले अक्षर टंकण्यापूर्वी.