फिर्यादीवाचून अपराध

नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आम्हां मंडळींचा बहुतेक दिवस कागदांत जातो, आणि त्या कागदांवर पुन्हा पुन्हा येणारा एक शेरा म्हणजे ‘तक्रार नाही’. हा शेरा पडला की प्रकरण मिटले, असे आम्ही समजतो. परंतु जेथे तक्रार नाही तेथे अन्यायही नाही, हे कशावरून? हा प्रश्न आमच्या मनात उभा केला तो कोण्या नीतिग्रंथाने नव्हे, तर डोळ्यांस जेमतेम दिसणाऱ्या एका जलचराने.

उत्तर अटलांटिक महासागरात कॅलॅनस नावाचा एक कवचधारी जीव अगणित संख्येने राहतो. त्याची लांबी अवघी दोन ते चार मिलिमीटर. अनुकूल ऋतूत सूक्ष्म वनस्पती खाऊन तो शरीरातील एका पिशवीत तेल साठवितो, आणि पुढे शेकडो मीटर खोल काळोखात उतरून त्या शिदोरीवर महिनेच्या महिने निपचित काढतो. हेरिंग मासा त्याला खातो. प्रचंड देहाचा राइट व्हेलही समुद्राचे पाणी गाळून त्याच्यावरच पोट भरतो. थेंबभर चरबीवर केवढा संसार उभा आहे!

अशा जिवांच्या पाण्यात माणसाने एक विष सोडले. जहाजाच्या तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटले म्हणजे जहाज जड चालते व इंधन अधिक जळते. त्यावर उपाय म्हणून १९६०च्या दशकापासून ट्रायब्युटिल टिन हे द्रव्य मिसळलेले रंग वापरात आले. उपाय गुणकारी होता, आणि रंग लावणाऱ्याच्या मनात कोणाचे वाईट करावे असा हेतू मुळीच नव्हता. पण रंगातून द्रव्य पाण्यात झिरपत राहिले.

त्याची करणी विलक्षण आहे. पेशींमध्ये चरबीचा जमाखर्च सांभाळणारे काही ग्राहक-रेणू असतात. हे द्रव्य त्यांपैकी एकाच्या कुलपात खोट्या किल्लीसारखे बसते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गोड्या पाण्यातील डॅफ्निया या कवचधारी जिवावर प्रयोग केले होते. मादीच्या अंगातील चरबी एरवी अंड्यांकडे जाते. या द्रव्याच्या संसर्गाने ती तशी न जाता आईच्याच देहात साठून राहिली, आणि त्याची झळ आई व संतती दोघांसही लागली. २०१९ साली समुद्रातील रोटिफर या त्याहूनही लहान प्राण्यातही चरबीचा व्यवहार असाच बिघडलेला आढळला.

येथेच आमची नेहमीची नीती अडखळते. हिंसा म्हटली की आम्हांस मृत्यू आठवतो. विषाची परीक्षाही पुष्कळ काळ अशीच झाली: अर्धे प्राणी मरण्यास किती मात्रा लागते, एवढेच मोजावयाचे. पण ही आई मेलेली नाही. उलट ती भरल्या अंगाची दिसते. तिच्या घरात धान्य आहे, फक्त ते लेकरांच्या ताटापर्यंत पोहोचत नाही. पाणी गाळून पिणाऱ्या आमच्या पूर्वजांनी जीव मरू नये म्हणून फडके धरले. जीव न मारता त्याचा संसार मोडणारे विष त्या फडक्यात सापडणारे नव्हते.

मग या द्रव्यावर बंदी आली कशी? फ्रान्समधील आर्काशोंच्या उपसागरात १९७०च्या दशकात कालवांची पिल्ले जगेनात, कवचे वेडीवाकडी जाड होऊ लागली, आणि कालवांवर पोट असणारी माणसे बोलू लागली. १९८२ साली त्या देशाने लहान नौकांवर या रंगास मनाई केली. आंतरराष्ट्रीय करार २००१ साली झाला, आणि तो अमलात येण्यास १७ सप्टेंबर २००८ उजाडावे लागले. कालवांचे गाऱ्हाणे ऐकले गेले, कारण त्यांना बाजार होता. ज्यांना बाजार नाही, वाचा नाही, त्यांचा कैवार त्या ओघात आपोआप घेतला गेला, एवढेच.

कोणी म्हणेल, जहाजे चालावयास नकोत काय? अस्वच्छ तळाचे जहाज अधिक इंधन जाळते, तीही हानीच नव्हे काय? हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच रंग शोधणाऱ्यास आम्ही दुष्ट म्हणणार नाही. अज्ञान हा अपराध नव्हे. परंतु ज्या अज्ञानापासून आपला फायदा होतो ते दूर करण्याचे श्रम टाळणे, हा मात्र अपराध आहे असे आम्हांस वाटते. नवे द्रव्य पाण्यात सोडणाऱ्याने ‘कोणी मेले का?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘कोणाचे जगणे बिघडेल?’ हेही आधी विचारावे. शोधण्याचा भार त्याच्यावर आहे, सोसणाऱ्यावर नाही.

आणि हा नियम समुद्रापुरताच कशास? आमच्या सहीने निघालेला हुकूम कोणत्या गावी, कोणत्या घरी जाऊन काय करतो, हे आम्हांस क्वचितच दिसते. तेथील माणसे मरत नाहीत. कोणाच्या ताटातले थोडे कमी होते, आणि तो मुकाट्याने सोसतो. उद्या ‘तक्रार नाही’ असे लिहिताना हात क्षणभर थांबला, आणि तक्रार करू शकणारे तेथे कोणी होते काय, असे आम्ही स्वतःस विचारले, तर त्या थेंबभर जिवाचे आमच्यावरील ऋण थोडे तरी फिटेल.