अयस्कांत आणि अदृष्ट

सुई लोहचुंबकाकडे का सरकते, या प्रश्नाला वैशेषिक सूत्रांत कणादांनी ‘अदृष्ट’, म्हणजे न दिसणारे कारण, असे उत्तर देऊन ठेवले. आणि १९४५ साली बेल्जियममध्ये व्हर्मायरेन यांनी चुंबकाने पाण्यावर संस्कार करण्याचे पेटंट घेतले, तेव्हा तेच अदृष्ट जणू बॉइलरच्या नळावर पुन्हा रुजू झाले. दुष्फेन पाण्यातील चुना या संस्काराने नाहीसा होत नाही. कॅल्साइटच्या चिवट थराऐवजी तो अ‍ॅरगोनाइटच्या सूच्याकार, सहज वाहून जाणाऱ्या स्फटिकांत उतरतो, असा दावा. एका प्रयोगशाळेत हा दावा टिकतो, दुसरीत कोसळतो. नैयायिक येथे ‘कारण असता कार्य’ या अन्वयाबरोबर ‘कारण नसता कार्य नाही’ हा व्यतिरेकही मागेल (गिऱ्हाईक सहसा मागत नाही): त्याच नळावर, त्याच पाण्याला, चुंबक काढून घेतल्यावर थर पूर्ववत धरतो काय? परंतु कारण उमगले नाही एवढ्यावरून कार्यच खारीज करणे मला रुचत नाही. कणादांसमोरची सुई तर सरकतच होती.