पुन्हा विचारू नका

बाबांनी फोनवर "काही नाही रे, सहज केला" म्हटलं की समजायचं, कॉम्प्युटरवर काहीतरी आलंय.

ऑक्टोबर २०२०. मी पुण्यात, पहिल्याच नोकरीत, वर्क फ्रॉम होम. बाबा कराडला. घरी २०१२ साली असेंबल करून घेतलेला पीसी, त्यावर विंडोज ७. तुमच्या घरी असा पीसी असेल तर आठवत असेल, त्या वर्षी तो किती बडबडायचा. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारीला संपला होता, त्याचा स्क्रीनभर मेसेज. अँटिव्हायरसची मुदत संपली. जावा अपडेट करा. सी ड्राइव्हमध्ये जागा कमी आहे. या गर्दीत आणखी एक खिडकी उघडायची: हार्ड डिस्कमध्ये प्रॉब्लेम सापडलाय, फाइल्सचा ताबडतोब बॅकअप घ्या.

प्रत्येक मेसेजला बाबांचा फोन. इंग्रजीतला एकेक शब्द लावत ते वाचून दाखवायचे आणि मी नेमका मीटिंगमध्ये असायचो. शेवटी एका शनिवारी एनीडेस्कवरून त्यांच्या मशीनमध्ये शिरलो आणि सगळ्यांना एकदाच गप्प केलं. डिस्कच्या त्या खिडकीत तीन पर्याय होते. बॅकअप सुरू करा. नंतर विचारा. या प्रॉब्लेमबद्दल पुन्हा विचारू नका. मी तिसरा दाबला.

मेसेज वाचला नव्हता असं नाही. वाचला होता, अर्थही कळला होता. म्हटलं, दिवाळीत घरी गेलो की बघू. संध्याकाळी बाबांचा फोन आला. "काय जादू केलीस रे? एकदम शांत झालाय." मला बरं वाटलं. दिवाळीत घरी गेलो तेव्हा मेसेज येत नव्हता, त्यामुळे आठवणही झाली नाही.

मार्चमध्ये डिस्क टक-टक वाजायला लागली आणि दोन दिवसांत गेली.

तिच्यात पाऊस होता. बाबा आयुष्यभर ट्रकचे मेकॅनिक. त्यांनी १९९४ साली गच्चीवर पर्जन्यमापक बसवला. तेव्हापासून पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला पाणी मोजून वहीत लिहायचं. साडेआठलाच का, तर हवामान खातंही साडेआठलाच मोजतं. गॅरेज बंद केल्यावर एक्सेल शिकले आणि एका बोटाने वह्या उतरवायला बसले. २००६ पर्यंतच्या वह्यांना वाळवी लागली होती, त्यामुळे उतरवून झाली की वही बंबात. कृष्णेला पूर आला तो २००५ चा पावसाळाही त्यातच गेला. पुण्यात एकाने डिस्क उघडून पाहिली. आतल्या चकतीवर ओरखडे उठले होते, काहीही निघालं नाही.

"मीच दिवसभर चालू ठेवायचो," बाबा म्हणाले. "तापली असणार."

मी म्हणालो, "जुनी होती बाबा. होतं असं."

या दोन वाक्यांवर मी गेली काही वर्षं अडकलोय.

आधी मी स्वतःचा बचाव करून पाहिला. बचाव तसा तगडा आहे. सतत ओरडणाऱ्या यंत्राचं माणूस ऐकत नाही, आणि हा दोष एकट्या माणसाचा नसतो. याचं सगळ्यात भयानक उदाहरण आमच्या क्षेत्रात शिकवतात ते थेरॅक-२५ चं. कॅन्सरच्या रुग्णांना किरणोपचार देणारं कॅनेडियन मशीन. १९८५ ते १९८७ या काळात त्याने सहा रुग्णांना प्रचंड जास्त डोस दिला. मार्च १९८६ मध्ये टेक्सासमधल्या टायलर गावात ऑपरेटरच्या स्क्रीनवर 'मालफंक्शन ५४' असं उमटलं. असे कोड सतत यायचे, त्यांचा अर्थ कुठे धड लिहिलेला नव्हता, आणि 'पी' दाबलं की उपचार पुढे चालू व्हायचा. तिने पी दाबलं. रुग्णाला दुसरा झटका बसला. काही महिन्यांनी तो गेला.

तिला दोषी धरणं मला कधीच जमलं नाही. त्याच केंद्रात पुढच्याच महिन्यात तसाच दुसरा अपघात झाला. मग तिथल्या भौतिकशास्त्रज्ञाने तिला सोबत घेऊन त्याच त्या कळा पुन्हा पुन्हा दाबल्या आणि मालफंक्शन ५४ नेमकं कशाने येतं ते शोधून काढलं. स्क्रीनवरची माहिती फार वेगाने दुरुस्त केली की ते व्हायचं. ज्या मशीनने तिला खोटं पाडलं त्याच्यासमोर ती पुन्हा जाऊन बसली, हे मला त्या सगळ्या प्रकरणात जास्त मोठं वाटतं.

पण माझा बचाव इथेच कोसळतो. तिला ५४ चा अर्थ कुणी सांगितलाच नव्हता. माझ्या खिडकीत अर्थ सरळ लिहिलेला होता आणि मी इंजिनिअर होतो. डिस्क स्वतःचे खराब झालेले भाग मोजत असते आणि आकडा हाताबाहेर गेला की सांगते, हे मला परीक्षेला होतं. गूगलच्या लोकांनी २००७ मध्ये हजारो डिस्कचा अभ्यास छापला. पृष्ठभाग तपासताना पहिली चूक सापडली की पुढच्या साठ दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता ३९ पट वाढते, असं त्यात आहे. आणि बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी मुख्य लक्षणांपैकी एकही दाखवलं नव्हतं, हेही त्यातच आहे. म्हणजे बऱ्याच जणांना इशारा मिळतच नाही. आम्हाला मिळाला होता.

इशाऱ्याकडे दुर्लक्ष करणं मुळातच चूक, असंही नाही. अपोलो ११ चंद्रावर उतरताना १२०२ हा अलार्म वाजत होता, तरी ह्यूस्टनने उतरू दिलं. कारण तिथल्या एका तरुण इंजिनिअरने त्याआधीच्या सरावानंतर सगळ्या अलार्मचे अर्थ लिहून समोर ठेवले होते. आमच्या टीममध्येही कोडमधली वॉर्निंग बंद करता येते, फक्त शेजारी कारण लिहावं लागतं. कारण न लिहिता बंद केली की रिव्ह्यूमध्ये परत येते. मी इतरांची अशी कितीतरी कामं परत पाठवली आहेत.

खरी बोच वेगळीच आहे. तो मेसेज मला आलेलाच नव्हता. पाऊस बाबांचा, डिस्क बाबांची, मेसेज बाबांना. मी फक्त वाटेत होतो आणि मी वाट बंद केली. स्वतःला आलेलं पत्र न उघडणं हा आळस म्हणता येईल. दुसऱ्याचं पत्र फाडून वर त्याला "आता शांत झोपा" म्हणणं याला काय म्हणायचं?

आपल्याकडे याला माया म्हणतात. आजीला कॅन्सर निघाला तेव्हा आम्ही सगळ्यांनी डॉक्टरांना सांगितलं, तिला कळू देऊ नका. अल्सर आहे म्हणालो. ती शेवटपर्यंत मिरची टाळत राहिली. तिला कुणाला भेटायचं होतं का, कुठल्या बांधावर जाऊन यायचं होतं का, ते विचारायची सोय आम्हीच ठेवली नाही. तेव्हा मी अकरावीत होतो आणि मला ते शहाणपणाचं वाटलं होतं. आता वाटतं, तिच्या शांततेपेक्षा आम्हाला आमची जास्त हवी होती. बाबांच्या बाबतीत तर नक्कीच. मला त्यांची काळजी मिटवायची नव्हती, फोन थांबवायचे होते.

बाबा गॅरेजमधली एक गोष्ट सांगायचे. ब्रेकला हवा कमी पडली की ट्रकमध्ये बझर वाजतो. काही ड्रायव्हर कटकट नको म्हणून त्याची वायरच तोडून टाकायचे. अशी गाडी कुठल्याही कामाला आली तरी बाबा आधी ती वायर जोडायचे, पैसे न घेता. ड्रायव्हर चिडायचे. "वाजू दे की," बाबा म्हणायचे. "तुझ्याच गाडीचं आहे ते." ही गोष्ट मी लहानपणी इतक्या वेळा ऐकली होती की जेवताना तिच्याकडे लक्षही जायचं नाही.

आता बाबांकडे नवा पीसी आहे, रोज रात्री आपोआप बॅकअप होतो. २००७ पासूनच्या वह्या शाबूत आहेत, त्या उतरवणं चालू आहे. डिस्क आपण तापवली असं ते अजून मानतात. दुपारी अर्धा तास मशीन बंद ठेवतात, तिला विश्रांती म्हणून. सुट्टीत घरी असलो की मी ते बघतो आणि काही बोलत नाही. म्हणजे रोज एकदा तोच तिसरा पर्याय.

गेल्या रविवारी फोन आला. "सहज केला रे."

"काय आलंय?"

"बॅकअपचं काहीतरी. पण तू मीटिंगमध्ये असशील."

"रविवार आहे बाबा. वाचा, पूर्ण वाचा." पेन ड्राइव्ह लावायचा राहिला होता, एवढंच होतं. त्यांनी लावला. मग मी म्हणालो, "त्या जुन्या डिस्कबद्दल एक सांगायचं होतं."

"थांब," बाबा म्हणाले, "खाली अजून एक ओळ आहे, ती वाचू दे."