न केलेल्या पापाचं प्रायश्चित्त

कवी दान्तेविरुद्धचा फ्लॉरेन्स शहराचा २७ जानेवारी १३०२ चा निकाल वकिलाच्या नजरेनं पाहिला की पहिलं डोळ्यांत भरतं ते त्याचं एकतर्फीपण. आरोपी गैरहजर. शहराच्या शिष्टमंडळाबरोबर तो पोप आठव्या बोनिफेसकडे रोमला गेला होता. इकडे नोव्हेंबर १३०१ मध्ये त्याच पोपचा आशीर्वाद घेऊन फ्रेंच राजपुत्र व्हालुआचा शार्ल फौजेसह फ्लॉरेन्समध्ये शिरला आणि सत्ता ग्वेल्फ पक्षाच्या ‘काळ्या’ गटाकडे गेली. दान्ते त्याच पक्षाच्या ‘पांढऱ्या’ गटातला. आरोप काय, तर पदावर असताना पैसे खाल्ले. शिक्षा ५,००० फ्लोरिन दंड, दोन वर्षं हद्दपारी आणि सरकारी पदाला कायमची बंदी. तो हजर झाला नाही. मग १० मार्चला दुसरा हुकूम सुटला: सापडला तर जिवंत जाळा.

१३१५ मध्ये शहरानं माफी देऊ केली. थोडा दंड भरायचा आणि सान जोव्हान्नीच्या बाप्तिस्मागृहात गुन्हेगार म्हणून प्रायश्चित्ताचा विधी करायचा. मी तालुका कोर्टात किरकोळ फौजदारी कामं चालवतो. असा प्रस्ताव आला तर अशिलाला मी डोळे झाकून सांगेन, “कबूल करून टाका, दंड भरा, मोकळे व्हा.” दान्तेनं एका मित्राला पत्र लिहून साफ नकार कळवला. त्याच वर्षी त्याला आणि त्याच्या मुलांना शिरच्छेदाची शिक्षा फर्मावली गेली.

‘डिव्हाइन कॉमेडी’चा एक अख्खा खंड ज्यानं प्रायश्चित्तावर लिहिला, त्याला स्वतःला एवढा विधी का करवला नाही?

उत्तर त्याच्या काव्यातल्या दोन माणसांत आहे. ग्विदो दा मोन्तेफेल्त्रो हा म्हातारपणी संन्यासी झालेला सेनापती. बोनिफेस त्याच्याकडून एक कपटी सल्ला मागतो आणि त्या पापाची माफी आगाऊच देऊन टाकतो. तरी मेल्यावर सैतान त्याला नरकात नेतो. पश्चात्तापाशिवाय माफी लागू होत नाही, आणि एकच पाप करायचं ठरवणं नि त्याचा पश्चात्ताप करणं एकाच वेळी जमत नाही, असा सैतानाचा बिनतोड युक्तिवाद. दुसरा राजा मानफ्रेद. पोपनं बहिष्कृत केलेला, १२६६ साली बेनेव्हेन्तोच्या लढाईत पडलेला. शेवटच्या क्षणी तो देवाकडे वळला, म्हणून दान्ते त्याला मुक्तीच्या वाटेवर ठेवतो. पोपचा शिक्का दोन्हीकडे फोल ठरतो. हिशेब मनाचा होतो. असं मानणाऱ्यानं ज्या कुंडापाशी बाप्तिस्मा घेतला तिथेच खोटी कबुली दिली असती, तर ते देवासमोर खोटं बोलणं झालं असतं.

दान्तेच्या मनावर ओझं नव्हतं असं नाही. १३०० च्या उन्हाळ्यात तो शहराच्या कारभारी मंडळात होता. त्या मंडळानं दोन्ही गटांचे पुढारी हद्दपार केले. त्यात त्याचा जिवलग मित्र, कवी ग्विदो काव्हालकान्तीही होता. तिकडे तो आजारी पडला आणि ऑगस्टमध्ये गेला. दान्तेच्या नरकात काव्हालकान्तीचा बाप थडग्यातून डोकं वर काढून विचारतो, माझा मुलगा कुठे आहे? दान्ते उत्तर द्यायला अडखळतो आणि म्हातारा पुन्हा आत कोसळतो. मित्राच्या हद्दपारीची ही गोष्ट फ्लॉरेन्सच्या आरोपपत्रात कुठेच नव्हती.

नकारात अहंकार होताच. मेल्यावर गर्विष्ठांसारखा धोंडा आपल्याही पाठीवर येणार, ही धास्ती त्यानं स्वतःच काव्यात सांगितली आहे. शिवाय किंमत मुलांनीही मोजली. तरीही माझ्या मते निर्णय बरोबर होता. दंड वसूल करणं शहराच्या अखत्यारीत येतं, पश्चात्ताप वसूल करणं येत नाही. दान्ते १३२१ मध्ये राव्हेन्नात वारला. फ्लॉरेन्सच्या नगरपरिषदेनं १३०२ ची शिक्षा रद्द केली २००८ मध्ये. अस्थी अजून राव्हेन्नातच आहेत.