पार्किंगच्या जागेवरची चाळ

जळगावला मेहरूण भागात फ्लॅट घ्यायचा की नाही, यावर आमच्या घरात दोन महिने बोलणं चालू आहे. मुलगा म्हणतो, "नाना, आते नही तर कव्हयच नही." त्याचं खरं आहे, भाव कोणासाठी थांबत नाहीत. कर्ज त्याला मिळेल. कमी पडतील ते केळीच्या पैशातून मी द्यायचे. नुसता पैशाचा प्रश्न असता तर लिहायला बसलो नसतो.

मेहरूण म्हटलं की आमच्या वयाच्या माणसाला बोरं आठवतात. मेहरूण, पिंप्राळा ही मुळात गावं, त्यांची शिवारं वेगळी. जळगावची नगरपालिका १८६४ची, महानगरपालिका झाली २००३ मध्ये. शहर वाढत गेलं आणि ही गावं त्याच्या पोटात गेली. जमीन आधी एकरानं मोजायचे, मग गुंठ्यानं, आता फुटानं मोजतात. ज्याचा सातबारा होता त्याचं भलं झालं. त्यात मला वाईट दिसत नाही. कापसानं ज्याला जन्मभर रडवलं, त्याला जमिनीनं एकदा हसवलं तर हसू द्या.

पण ज्याचं नाव कुठल्याच उताऱ्यावर नाही, त्याचं काय? आम्ही पाहिलेल्या इमारतीच्या मागे पाच खोल्यांची जुनी चाळ आहे. तिथे पार्किंग होणार. एका खोलीत हमाल होता, एकीत शिंपी, एकीत धुणीभांडी करणारी म्हातारी. तीन कुटुंबं मिळाले ते पैसे घेऊन कुसुंब्याकडे गेली. शिंपी आणि म्हातारी अजून आहेत. मी शिंप्याला विचारलं, जाणार का? तो म्हणाला, "जाईन ना नाना, पण माझं गिऱ्हाईक माझ्यासंगे येईल का?"

मुंबईत हे फार मोठ्या मापानं झालं. १९८२ च्या जानेवारीत दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. पुढे एकेक गिरणी बंद पडली. १९९१ च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे धरले होते: पालिका, म्हाडा आणि मालक. २००१ मध्ये नियम बदलला, आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची राहिली. ज्यावर शेड उभे होते ती जमीन मालकाची. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानंही ते कायम केलं. लालबाग-परळला टॉवर आले. आपल्या जळगावला स्टेशनजवळची खान्देश मिल गेली, तिथे खान्देश सेंट्रल उभं राहिलं. टॉवरमध्ये फ्लॅट घेणाऱ्यानं कोणा कामगाराला हाताला धरून बाहेर काढलं नव्हतं. त्यानं फक्त चेक दिला. मला अडतं ते इथेच. त्या चेकवाचून बाकीचं काही हललं असतं का?

मुलगा म्हणतो, आपण नाही घेतला तर दुसरा घेईल. हे बोलणं मला ओळखीचं आहे. रात्री दुसऱ्याच्या पाळीचं पाटाचं पाणी आपल्या वावरात वळवणाराही हेच म्हणतो, मी नाही फोडलं तर खालचा फोडेल. म्हणून त्याची चोरी कोणी माफ करत नाही.

तरी मुलाची बाजूही हलकी नाही. आम्ही फ्लॅट नाकारला म्हणून म्हातारीची खोली वाचत नाही. जागा मालकाची आहे, चाळीची भिंत पावसाळ्यात गळते, पडलीच तर तिच्याच अंगावर पडेल. नुसता नकार देऊन मी माझे हात स्वच्छ ठेवीन आणि तिला काहीच मिळणार नाही. असा स्वच्छपणा मला स्वस्तातला वाटतो. भाडेकरूंचा कायदा आहे, १९९९ चा, पण म्हातारीच्या हातात भाड्याची पावती नाही. भाडं ती रोख देत आली.

शेवटी मी मुलाला एवढंच सांगितलं: माझ्या वाट्याचे पैसे त्या दोघांचा लेखी करार झाल्यावर. शिंप्याला रस्त्याकडे गाळा, म्हातारीला त्याच भागात खोली. तू एकटा नको बोलू. बुकिंग केलेले अजून सात-आठ जण आहेत, त्यांना घेऊन बिल्डरकडे जा. एका गिऱ्हाइकाला तो चहा पाजून वाटेला लावेल, आठ जणांना तसं करणं त्याला जड जाईल. मुलगा गेला. आठांपैकी तिघं आले. बिल्डर गाळ्याचं बघू म्हणाला, खोलीवर काही बोलला नाही.

सुनेला माझी अट पटलेली नाही. तिच्या रागात खोट काढता येत नाही. दोन लेकरं घेऊन नऊ वर्षं ती भाड्याच्या घरात काढतेय, तीन वेळा सामान हलवलंय. ती म्हणाली, "नाना, म्हातारी भाडेकरू, तशी मीही भाडेकरूच ना?" मला उत्तर आलं नाही. टोकनची मुदत पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला संपते. मुलगा त्या तिघांना घेऊन परवा पुन्हा जाणार आहे. या खेपेला मीही जातो म्हणालो.