रणगाड्याची प्रतिकृती

घरात कोणती वस्तू आणावी आणि कोणती आणू नये, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा पैशाचा किंवा जागेचा मानला जातो. तो नीतीचाही असू शकतो असे म्हटल्यास पुष्कळांस ती अतिशयोक्ती वाटेल. आणि प्रस्तुत वस्तू पाहता तर ती निश्चितच वाटेल. ही वस्तू म्हणजे रणगाड्याची प्रतिकृती. पेटीत प्लॅस्टिकचे शेकडो सुटे भाग चौकटींना जडलेले येतात. ते कापावे, कानशीने घासावे, जोडावे, रंगवावे, म्हणजे एखाद्या ऐतिहासिक रणगाड्याची लहानशी हुबेहूब आकृती तयार होते. मेहकरसारख्या गावी अशी पेटी बाहेरून मागवावी लागते, आणि म्हणून निवड करण्यास भरपूर अवधी मिळतो. माझ्या एका स्नेह्यांच्या घरी हा अवधी वादात गेला. मुलाला जर्मनांचा ‘टायगर’ हवा होता. हिटलरचे वाहन माझ्या फळीवर उभे राहणार नाही, असे वडील म्हणत होते. मुलाचे उत्तर असे की, मला हिटलर आवडत नाही, टायगर आवडतो.

हे उत्तर पोरकट म्हणून सोडून देण्यासारखे नाही. टायगरची रुंद बैठक, लांबलचक तोफ, एकमेकांत सरकवलेल्या चाकांच्या रांगा यांत एक प्रकारचा रुबाब आहे, हे डोळस माणसाने नाकारू नये. पहिल्या प्रकारचे टायगर साऱ्या महायुद्धात तेराशे-चौदाशेच तयार झाले, आणि रशियनांचे टी-३४ हजारोंच्या संख्येने; पण प्रतिकृती करणाऱ्यांच्या मनात टायगरने जी जागा घेतली आहे ती विजयी रशियन गाड्यास लाभलेली नाही. जिंकणारे यंत्र एक आणि मोहविणारे दुसरे, हा प्रकार नवा नव्हे. रूप आणि कर्म यांचा संबंध नसतो, असे म्हणून येथेच निकाल देता आला असता.

परंतु प्रतिकृती करणारा केवळ रूप घडवीत नाही. सगळे जोडून, रंगवून झाल्यावर शेवटी पाण्यात भिजवून चिकटवावयाची चिन्हे उरतात: सैन्याची खूण, पथकाचा क्रमांक, कधी गाड्याचे नाव. ब्रिटिशांचा ‘सेंच्युरियन’ घ्या. हिटलरशी लढण्यासाठी तो बांधला गेला, आणि १९४५ च्या मे महिन्यात युरोपात पोचला तेव्हा तेथील युद्ध संपलेले होते. पुढे तो कोरियात लढला, इस्राएलकडून लढला, आपल्याकडूनही लढला. प्लॅस्टिक तेच, खुणेचा कागद बदलला की इतिहास बदलतो. तेव्हा यंत्र निरपराध असते हे मान्य केले, तरी खूण चिकटविणारी बोटे आपली असतात. ज्याला टायगर नुसता यंत्र म्हणून आवडतो, त्याने तो कोरा ठेवून पाहावा. बहुतेकांस तो अपुरा वाटेल. आणि अपुरा का वाटतो, याचा विचार त्या मुलाने करावा, एवढेच मला सुचवावयाचे होते.

वडिलांचा उपाय सोपा होता: आपला गाडा घ्यावा. त्यांच्या मनात होता तो पूना हॉर्सचा सेंच्युरियन ‘फॅमागुस्टा’. सायप्रस बेटावरील एका बंदराचे हे नाव शकरगडच्या चिखलात कसे जाऊन पोचते, हेही एक नवलच! १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल या गाड्यात होते. जन्म पुण्याचा, वय २१ वर्षे, सैन्यात अधिकारी होऊन अवघे सहा महिने झालेले. गाडा पेटला असता बाहेर पडण्याची आज्ञा त्यांना मिळाली. तोफ अजून चालते आहे, या कारणासाठी त्यांनी ती मानली नाही. त्यांस मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. आक्रमण करणाऱ्या सत्तेच्या गाड्यापेक्षा हा गाडा आपल्या घरात अधिक शोभेल, हे वडिलांचे म्हणणे मला मान्य आहे. सर्व युद्धे सारखीच, सर्व सैनिक सारखेच, असल्या सोयीस्कर उदारपणावर माझा विश्वास नाही. शस्त्राचे आम्हांस वावडेही नाही. मेहकरची ग्रामदेवता शार्ङ्गधर. त्या देवाचे नावच धनुष्यावरून पडलेले.

अडचण आहे ती पुढे. ‘आपला’ म्हटल्याबरोबर जाणून घेण्याचे काम संपले, असे आपण समजतो. खेतरपालांच्या वडिलांचे तसे संपले नाही. ते स्वतः सैन्यात ब्रिगेडियर होते. फाळणीत पलीकडे राहिलेले आपले जन्मगाव सरगोधा पाहावे म्हणून २००१ साली, वयाच्या ८१ व्या वर्षी, ते पाकिस्तानात गेले. लाहोरास ज्यांनी त्यांचे आतिथ्य केले ते ब्रिगेडियर नासर. बसंतरच्या दिवशी हे नासर समोरच्या गाड्यात होते. आपला मुलगा माझ्या हातून मेला, हे त्यांनी आपल्या पाहुण्यास स्वतः सांगितले. त्या घटकेस त्या वृद्ध पित्याने काय केले असावे, याची कल्पना माझ्या स्नेह्यांस मी करावयास सांगितली. ते बराच वेळ बोलले नाहीत.

आमच्या जवळच लोणारास दैत्यसूदनाचे देऊळ आहे. तेथील विष्णू लवणासुराच्या देहावर उभा आहे. महिषासुरमर्दिनीच्या मूर्तीत महिष असतोच. आपल्या मूर्तिकारांनी विजय दाखविताना प्रतिपक्ष गाळला नाही. उलट त्याच्या अंगावरही तेवढाच जीव लावून छिन्नी चालविली. पुण्या-साताऱ्याकडे मुले दिवाळीत मातीचे किल्ले करतात, त्यांवर मावळे असतात, महाराज असतात. किल्ला कोणापासून राखावयाचा, तो मात्र कोठे दिसत नाही. प्रतिकृतीच्या पेटीचेही तसेच आहे. तीत दुवे, खिळे, दोरखंड सारे मोजून दिलेले असते. समोरचा गाडा नसतो, आणि आत बसणारे चौघेजण बहुधा कमरेपर्यंतचे किंवा मुळीच नसतात.

म्हणून माझा सल्ला प्रमाणाविषयी होता. १:३५ हे प्रमाण फार मान्यता पावलेले आहे. त्यास शास्त्राधार म्हणावा तर एवढाच की, तामिया या जपानी कारखान्याने आरंभी आपल्या गाड्यात विजेची मोटर व सेल बसतील असे माप धरले. या प्रमाणात सेंच्युरियन, तोफेची लांबी सोडून, सुमारे २२ सेंटिमीटर होतो. ५१ टनांचा खरा गाडा त्याच पोलादात या प्रमाणाने उतरविला, तर तो सव्वा किलोच्या आत येईल, कारण वजन ४२,८७५ पटींनी घटते! त्याऐवजी १:७२ घ्यावे. त्यात तो साडेदहा सेंटिमीटरांचा होतो, आणि एका मोठ्या गाड्याच्या जागेत दोन मावतात: एक सेंच्युरियन आणि त्याच्या समोर एक पॅटन. मुलगा याला तयार झाला. वडिलांचे म्हणणे एवढेच की, पॅटन खालच्या फळीवर असावा. त्यांचा आग्रह मला समजतो, पण खालच्या फळीवरून तो कोणाकडे तोफ रोखणार?

चिन्हे चिकटविण्यापूर्वी मुलाने अहिल्यानगरास, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरास, जाऊन यावे. तेथे चिलखती दलाचे रणगाडा संग्रहालय १९९४ पासून आहे. सेंच्युरियन आणि पॅटन दोन्ही तेथे उघड्या आवारात उभे असलेले पाहावयास मिळतात. पस्तिसाने आणि बहात्तराने भागून झालेल्या वस्तूचे मूळ माप एकदा शेजारी उभे राहून घ्यावे. मे महिन्यात जाणे झाल्यास मात्र सकाळची वेळ धरावी; दुपारी त्या लोखंडास हात लावण्याची सोय राहत नाही.