अवधान

सुजनहो, ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी माउलींनी श्रोत्यांपाशी धन मागितले नाही, विद्वत्ता मागितली नाही, मागितले ते केवळ अवधान. धन एकदा देऊन मोकळे होता येते. अवधान मात्र देत राहावे लागते, म्हणून फुकटचे वाटणारे हे दान सर्वांत दुर्मिळ ठरते. थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी-उंदेरी बेटांकडे पाहताना, किंवा आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या घारापुरी बेटावरच्या शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर या वस्त्यांचा विचार करताना, डेंग्यू-चिकुनगुनियावरच्या पहाऱ्याची गोष्ट निघाली की हाच शब्द पुढे येतो. कारण आषाढात समुद्र खवळला की होडी अडते, प्रयोगशाळा पलीकडच्या तीरावर राहते, आणि गावाच्या हाती उरते ते अवधान.

हे अवधान प्रथम द्यायचे कुठे? समुद्रकाठी डासांचा दोष आपण खाडीवर ढकलतो. पण डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास खाऱ्या पाण्याच्या वाटेला सहसा जात नाही, तो माणसाने साठवलेले गोडे पाणी शोधतो, आणि जिथे गोड्या पाण्याची टंचाई तिथेच घरोघरी पिंपे भरलेली असतात. दारातले पिंप, होडीच्या अंगाला बांधलेला जुना टायर, मासळीचा टाकून दिलेला थर्माकोलचा खोका, ताडपत्रीचा खोलगा, ही त्याची स्थाने. पिंपात टॉर्चचा झोत पडताच अळ्या वळवळत तळाशी जातात आणि पाणी निर्मळ भासते. घाईने पाहणारा ‘काही नाही’ लिहून पुढच्या दारी जातो, आणि जो मिनिटभर थांबतो त्याला त्या श्वासासाठी वर येऊन, डोके खाली करून, पाण्याच्या पृष्ठाला लोंबकळताना दिसतात. अवधानाची किंमत म्हणाल तर एवढे एक मिनिट.

पण एकदाचे पाहणे म्हणजे अवधान नव्हे. त्याला नेम हवा. आपल्या हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणूनच आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायचा, आणि त्या दिवशी भांडे नुसते उपडे न करता आतून घासायचे, कारण पाण्याच्या रेषेवर चिकटलेली अंडी कोरडी राहूनही महिनोन्‌महिने जगतात आणि पाणी लागताच फुटतात. पहाऱ्याचे साधनही तितकेच साधे आहे: काळा रंग दिलेला डबा, त्यात थोडे पाणी, आत खरखरीत कागदाची पट्टी, आणि तो सावलीच्या कोपऱ्यात ठेवायचा. दर आठवड्याला पट्टी काढून भिंगाखाली काळी अंडी मोजली की कोणत्या आळीत, कोणत्या आठवड्यात डास वाढला ते ताप येण्याआधी कळते. मात्र तोच डबा दोन आठवडे विसरला तर त्यातूनच डास उडतात. अर्धे अवधान असे अपाय करते.

याहून कठीण आहे ते शून्याचे अवधान. ‘या आठवड्यात ताप नाही’ ही नोंदही नोंदच आहे. खांदेरीवरच्या १८६७ सालच्या दीपगृहाचा दीप जहाज नसलेल्या रात्रीही पेटतो, तशी ती लिहायची. कारण दिसेनासा झालेला ताप परतू शकतो: १९७३ साली बार्शीत चिकुनगुनियाची साथ आली, पुढे तीन दशके तो जणू नाहीसाच झाला, आणि २००६ साली देशभरात सुमारे चौदा लाख संशयित रुग्ण घेऊन परतला. प्रशांत महासागरातल्या याप बेटांवर २००७ साली तेथल्या डॉक्टरांना जाणवले की पुरळ, सांधेदुखी आणि लाल डोळे घेऊन येणारा हा ताप नेहमीच्या डेंग्यूसारखा नाही. नमुने अमेरिकेत गेले आणि झिका विषाणू उघडकीस आला. ज्याला नित्याचे ठाऊक असते, त्यालाच वेगळे ओळखू येते.

मग अवधान एका हातातून दुसऱ्या हातात जाते. डेंग्यूत पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ चाचणी उपयोगी, त्यानंतर आयजीएम. त्या आयजीएम चाचणीचे किट पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था बनवते. ती संस्था १९५२ सालची, तिच्यापाशी ज्ञान उदंड आहे. पण बर्फाच्या डब्यातून होडीने निघालेल्या त्या रक्तनमुन्याचा अर्थ लागायचा तर ताप कोणत्या दिवशी आला हे गावच्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंच्या वहीत लिहिलेले असावे लागते.

आणि शेवटी, सुजनहो, अवधान ही भूतदयाच आहे. हा डास सहसा शंभर-दोनशे मीटरपलीकडे जात नाही आणि दिवसाढवळ्या चावतो. म्हणजे माझ्या पिंपातली अळी उद्या डास होऊन शेजारच्या पाळण्यातल्या लेकराला चावणार. आपले अंगण सारेच पाहतात. १ जूनपासून मासेमारी बंद होते, किनाऱ्यावर ओढलेल्या होड्यांत पावसाचे पाणी साचते, मुंबईला गेलेल्यांच्या बंद घरांमागे, देवळामागे, शाळेच्या गच्चीवरही साचते. ज्या पाण्याला कोणी धनी नाही ते पाणी आधी पाहावे, आपले मागाहून, कारण अवधानाची खरी परीक्षा परक्याच्या दारी होते.